गणवेश चढण्यापूर्वी आजारी पडू नये!

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरवर्षी हजारो तरुण सैन्यात जाण्याच्या करारावर सही करतात आणि सही करून घरी परततात. प्रशिक्षणाची तारीख त्यांना काही आठवड्यांनंतरची, पुष्कळदा काही महिन्यांनंतरची मिळालेली असते. या मधल्या काळाला तेथील सैन्याच्या परिभाषेत ‘विलंबित प्रवेश’ म्हणतात आणि नियमानुसार तो एक वर्षापर्यंत लांबू शकतो. तरुणाने शपथ घेतलेली असते, त्याची वैद्यकीय तपासणी झालेली असते, राखीव दलाच्या बिनपगारी यादीवर त्याचे नाव चढलेले असते, भरती अधिकाऱ्याला तो नेमाने भेटत असतो. मात्र त्याला पगार नसतो आणि आजारी पडला तर सैन्याचा दवाखाना त्याचा नसतो. ‘ट्रायकेअर’ ही सैनिकांची व त्यांच्या कुटुंबीयांची आरोग्यव्यवस्था त्याला लागू होते ती प्रत्यक्ष सेवेत रुजू झाल्यावर. तोपर्यंत ताप आला, दाढ दुखली, पाय मोडला, तर ज्याचे त्याने पाहावे.

या तरुणांत मोठा भरणा नुकत्याच शाळा-महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्यांचा असतो. विद्यार्थिदशेत असेतो विद्यापीठाच्या सामूहिक विम्याचे छत्र त्यांपैकी काहींच्या डोक्यावर असते. पटावरून नाव उतरले की ते सत्राबरोबर किंवा फार तर त्या उन्हाळ्याबरोबर मिटते. महाविद्यालय मागे सुटलेले आणि पलटण अजून लाभलेली नाही, अशा अवस्थेत हा तरुण ‘तात्पुरता आरोग्यविमा’ शोधत बाजारात फिरू लागतो. प्रश्न चार-सहा महिन्यांचा, म्हणून क्षुल्लक वाटेल. विम्याचे दलाल तर तो क्षुल्लकच असल्याचे सांगतात. थोडा हप्ता भरा आणि निश्चिंत व्हा! पण याच चार-सहा महिन्यांत त्या राष्ट्राने आपल्या नागरिकाच्या आरोग्याविषयी मनाशी काय ठरवून ठेवले आहे, ते उघडे पडते. नागरिक म्हणून त्याला औषधपाणी मिळण्याचा हक्क नाही. सैनिक म्हणून तो आहे. मधला माणूस कोणाचाच नाही.

त्याच्यापुढे पर्याय नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. बाजाराच्या देशात पर्यायांचा तुटवडा कसा असेल? २०१० च्या आरोग्य-सुधारणा कायद्याने वयाच्या २६ वर्षांपर्यंत मुलाला आईबापांच्या विम्यात राहण्याची मुभा दिली, ही ओबामा राजवटीची खरी कामगिरी होय आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण या सवलतीला आईबापांकडे विमा असावा लागतो. बाप विमानाच्या कारखान्यात अभियंता असेल, तर मुलगा सुरक्षित; आई उपाहारगृहात ताटे उचलत असेल आणि मालकाने विमा दिलेला नसेल, तर २६ काय आणि ६२ काय, सारखेच. स्वतःची नोकरी सुटली असेल, तर ‘कोब्रा’ नावाच्या कायद्याखाली जुना सामूहिक विमा चालू ठेवता येतो. त्यासाठी मालकाच्या वाट्यासकट संपूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के व्यवस्थापन-खर्च, म्हणजे १०२ टक्के रक्कम, पगार बंद झालेल्या माणसाने खिशातून भरायची! कायद्याचे नाव नागावरून पडलेले नाही, ती केवळ आद्याक्षरांची जुळणी आहे. तरी नाव चपखल आहे.

राहता राहिला सरकारी देखरेखीखालचा विमाबाजार. आधीचा विमा संपल्यापासून ६० दिवसांच्या आत त्यात शिरता येते आणि उत्पन्नाप्रमाणे हप्त्यात सवलत मिळते. येथे एक विलक्षण प्रकार आहे. सवलत मिळण्यासाठी माणूस फार श्रीमंत नसावा, हे समजण्यासारखे आहे. पण तो फार गरीबही असता कामा नये. कायदा करणाऱ्यांची कल्पना अशी होती की, दारिद्र्यरेषेखालच्या प्रौढांना ‘मेडिकेड’ ही सरकारी योजना सामावून घेईल. २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा हा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, साउथ कॅरोलिना यांसारख्या राज्यांनी तो पूर्णपणे कधीच स्वीकारला नाही. परिणामी यांपैकी बहुतेक राज्यांतील, मूलबाळ नसलेल्या आणि मिळकत जवळजवळ शून्य असलेल्या निरोगी तरुणाला मेडिकेडही नाही आणि सवलतही नाही. ‘विलंबित प्रवेशा’त बसलेला बिनपगारी तरुण म्हणजे नेमका हाच माणूस! आणि दक्षिणेकडील राज्ये तर लोकसंख्येतील आपल्या वाट्याहून अधिक मुले सैन्याला पुरवतात. जेथून सैनिक सर्वाधिक काढायचे तेथेच त्यांना सैन्याबाहेर औषध मिळू द्यायचे नाही, असा कोणी कट केला असेल असे नाही. कटाची गरजच नसते. राज्यातले धनिक करांच्या नावाने बोटे मोडतात, आमदार त्यांचे ऐकतात, आणि भरती केंद्राबाहेरची रांग आपोआप लांबते.

अशा तरुणासाठी बाजाराने खास माल तयार ठेवला आहे, तो म्हणजे ‘अल्पमुदतीचा विमा’. हप्ता कमी, कागदपत्रे थोडी, उद्यापासून लागू. या मालावर २०१० च्या कायद्याची बंधने लागू नाहीत. अर्जदाराच्या प्रकृतीची चौकशी करून त्याला नाकारता येते. पूर्वी झालेला आजार वगळता येतो. बाळंतपण, मानसिक आजार, नेहमीची औषधे यांतले काय द्यायचे व काय नाही हे कंपनीच्या मर्जीवर. एकूण भरपाईला वरची मर्यादा घालता येते. त्याची मुदत किती असावी यावर वॉशिंग्टनमध्ये दहा वर्षे लंबकाचा खेळ चालला आहे. ओबामा सरकारने २०१६ मध्ये ती तीन महिन्यांखाली आणली. ट्रम्प सरकारने २०१८ मध्ये ३६४ दिवसांपर्यंत व नूतनीकरणासह ३६ महिन्यांपर्यंत वाढवली. बायडन सरकारने २०२४ मध्ये पुन्हा तीन महिने व फार तर चौथा, एवढ्यावर आणून ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये दुसऱ्या ट्रम्प सरकारने जाहीर केले की, या मर्यादेच्या अंमलबजावणीला प्राधान्य दिले जाणार नाही. कायदा बदलला नाही, पहारेकऱ्याला झोपायला सांगितले!

या मालाचे अर्थशास्त्र पाहण्यासारखे आहे. विमा कंपनीचा नफा निरोगी माणसे निवडून काढण्यात असतो. आजारी माणूस हा तिचा खर्च. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते की, आजार केव्हा व कोणता येईल याची अनिश्चितता आणि रोगी व वैद्य यांच्या ज्ञानातील अंतर यांमुळे आरोग्याचा बाजार भाजीपाल्याच्या बाजारासारखा चालू शकत नाही. आता भरतीच्या प्रतीक्षेतील तरुणाकडे पाहा. त्याचे डोळे, कान, सांधे, रक्त, लघवी यांची तपासणी सरकारी खर्चाने, सरकारी वैद्यांनी करून ‘हा धडधाकट आहे’ असा निर्वाळा दिलेला असतो. विमा कंपनीच्या दृष्टीने याहून सोन्यासारखे गिऱ्हाईक कोठे मिळणार? तपासणीचा खर्च जनतेचा, धोका तरुणाचा आणि हप्ता कंपनीचा. महिने सरतात, तरुण रुजू होतो, पॉलिसी संपते आणि कंपनीला बहुधा एक छदामही द्यावा लागत नाही.

पण समजा, मध्येच काही घडले. शारीरिक चाचणीच्या तयारीसाठी पहाटे धावताना गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. हा काही अघटित प्रसंग नव्हे. धावणाऱ्यांना अशा दुखापती होतच असतात. आता एकामागोमाग एक दारे कशी मिटतात ते पाहावे. आरंभीची ठरावीक रक्कम त्याला स्वतः सोसावी लागते आणि अल्पमुदतीच्या विम्यात ती हजारो डॉलरांची असते. शस्त्रक्रियेनंतरचे महिनोन् महिन्यांचे व्यायामोपचार पॉलिसीत बसतीलच याची खात्री नाही. दुखापतीची वार्ता भरती अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक. कळवताच प्रवेशाची तारीख पुढे जाते किंवा नावच रद्द होते. तारीख पुढे गेली की पॉलिसीची मुदत संपते. नवी अल्पमुदतीची पॉलिसी घ्यावी, तर तुटलेला गुडघा आता ‘पूर्वीचा आजार’ झालेला असतो. बरे, सरकारी विमाबाजारात जावे, तर आणखी मौज. विद्यापीठाचा विमा संपल्यानंतरचे ६० दिवस केव्हाच उलटलेले असतात आणि अल्पमुदतीचा विमा संपणे हे पुन्हा प्रवेश मिळण्याचे कारण म्हणून धरलेच जात नाही, कारण कायद्याच्या लेखी तो पुरेसा विमाच नव्हे! म्हणजे हप्ता घेताना तो विमा होता आणि हक्क मागताना तो विमा नव्हता. आता नोव्हेंबरात वार्षिक नोंदणी उघडेपर्यंत लंगडत बसावे.

सैन्यात रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी तोच गुडघा तुटला असता, तर त्याच्यावरचे उपचार सैन्याची जबाबदारी ठरले असते. मनुष्य तोच, गुडघा तोच. फरक फक्त तारखेचा.

याहून सूक्ष्म आणि अधिक विदारक असा एक परिणाम आहे. सैन्याच्या आरोग्य-निकषांनुसार वयाच्या तेराव्या वर्षानंतर दम्याचा इतिहास असला, तरी उमेदवार अपात्र ठरतो आणि त्याला विशेष सूट मागावी लागते. मनोविकारांवरील उपचारांचेही तसेच. पूर्वी या गोष्टी उमेदवाराने सांगितल्या तरच कळत. मार्च २०२२ पासून प्रवेश तपासणी केंद्रांवर नवी संगणकीय नोंदपद्धती लागू झाली आणि खाजगी दवाखान्यांतील व औषध-दुकानांतील जुन्या नोंदी सैन्याच्या वैद्यांपुढे येऊ लागल्या. नोकरशाहीच्या दृष्टीने ही प्रगती असेल. पण गरीब घरातल्या मुलाने यावरून काय शिकावे? सैन्यात जायचे असेल, तर दवाखान्यात जाऊ नये. छाती भरून आली तरी इनहेलर लिहून घेऊ नये, मन खचले तरी कोणाला सांगू नये. विमा असून तो वापरणे हाच आता पुरावा ठरतो. आरोग्यविम्याची वाट पाहणारा तरुण त्या विम्यासाठीच आपले आजार लपवतो, अशी ही उलटी गंगा आहे.

हा तरुण सैन्यात जातोच कशाला, असे विचारणारे सज्जन आपल्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांना अमेरिकेतील सक्तीच्या भरतीचा शेवट कसा झाला हे आठवून द्यावे लागेल. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विद्यापीठे पेटली होती. निक्सनने १९६९ मध्ये नेमलेल्या गेट्स आयोगाने १९७० मध्ये अहवाल दिला की, सक्ती रद्द करून पगारी, स्वेच्छेचे सैन्य उभारावे. १९७३ मध्ये ते झाले. त्या आयोगावर मिल्टन फ्रीडमन होते आणि त्यांचा युक्तिवाद चतुर होता: सक्तीची भरती हा तरुणांवर लादलेला छुपा कर आहे, कारण बाजारभावाहून कमी मोबदल्यात त्यांची सेवा हिरावून घेतली जाते. युक्तिवादाचा पूर्वार्ध खोटा नाही, आणि सक्तीच्या काळातही महाविद्यालयात नाव असलेल्या सुखवस्तूंची मुले सुटत व कामगारांची मुले मरत, हेही खरे. पण उत्तरार्धात फ्रीडमन-पंथीय सोयीस्कर मौन पाळतात. ज्या देशात शिक्षणासाठी कर्ज काढावे लागते आणि दवाखान्याची पायरी चढण्याआधी विम्याचे कार्ड दाखवावे लागते, तेथे शिक्षणशुल्क व औषधोपचार या दोन्ही गोष्टी एकत्र देणारा मोठा मालक एकच उरतो, तो म्हणजे सैन्य. मग ‘स्वेच्छा’ या शब्दाला अर्थ किती राहिला? तेथील शांततावादी मंडळी याला ‘दारिद्र्याची सक्ती’ म्हणतात. फ्रीडमन यांचाच निकष लावायचा, तर विलंबित प्रवेशाचे बिनपगारी, बिनविम्याचे महिने हासुद्धा छुपा करच नव्हे काय? राज्यसंस्था तरुणाला राखून ठेवते आणि राखणावळ मात्र देत नाही. कागदोपत्री त्याला माघार घेता येते, हे मान्य. पण माघार घेऊन जायचे कोठे? पुन्हा त्या विमाबाजारातच!

या प्रतीक्षेची परिसीमा परदेशी विद्यार्थ्यांच्या वाट्याला आली आणि त्यांत भारतीयही होते. विशिष्ट परभाषा वा वैद्यकीय कौशल्य असलेल्या, विद्यार्थी-परवान्यावर किंवा कामाच्या परवान्यावर राहणाऱ्या परकीयांना सैन्यात घेऊन नागरिकत्व देण्याची योजना २००८ च्या अखेरीस जाहीर झाली. हिंदी ही त्या भाषांपैकी एक. २०१६ मध्ये नवी भरती थांबली, पार्श्वभूमीची चौकशी कडक झाली आणि करार झालेले तरुण वर्षावर्षांपर्यंत लटकत राहिले. काहींना सैन्यानेच काढून टाकले आणि प्रकरणे न्यायालयांत गेली. विद्यार्थी-परवाना टिकवायचा तर कोठेतरी प्रवेश घेऊन शुल्क भरत राहायचे, विद्यापीठ मागेल तो विमा घ्यायचा. परवाना संपला तर देशातून हाकलले जाण्याची भीती. एका हाताने शपथ घेतलेली आणि दुसऱ्या हातात विम्याच्या हप्त्याची पावती, असे किती महिने काढावे लागतील, हे त्यांना कोणी सांगू शकत नव्हते.

सैन्यासाठी नाकारलेली शरीरे मोजल्याशिवाय राज्यकर्त्यांना जनतेचे आरोग्य दिसत नाही, हा अनुभव जुना आहे. बोअर युद्धाच्या वेळी इंग्लंडच्या औद्योगिक शहरांतले खुजे, दात किडलेले कामगार भरतीत नापास झाले तेव्हा साम्राज्याचे डोळे उघडले. १९०४ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला, १९०६ मध्ये शाळकरी मुलांच्या जेवणाचा कायदा झाला. अमेरिकेतील शालेय भोजनाचा १९४६ चा कायदा राष्ट्रीय सुरक्षेचा हवाला देऊनच संमत झाला. हॅरी ट्रुमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात सांगितले होते की, १८ ते ३७ वयाचे सुमारे ५० लाख पुरुष युद्धसेवेस अपात्र ठरले, आणि त्या आधारावर राष्ट्रीय आरोग्यविम्याची मागणी केली होती. डॉक्टरांच्या संघटनेने ‘समाजवादी वैद्यक’ अशी हाकाटी करून ती गाडली. युद्धकाळात वेतनवाढीवर बंदी असताना मालकांनी पगाराऐवजी विमा देण्याची जी पळवाट काढली होती, तीच मग देशाची कायमची व्यवस्था बनली. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये अन्यूरिन बेव्हन यांनी ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. ब्रिटनमध्ये पलटणीत जाण्याची वाट पाहणाऱ्या मुलाचा गुडघा तुटला, तर त्याला कोणता विमा शोधावा लागतो? कोणताच नाही. त्या सेवेचे हाल सर्वांना ठाऊक आहेत, रांगा लांबलेल्या आहेत. पण रांगेत उभे राहण्यासाठी गणवेश लागत नाही. इकडे अमेरिकेत २०२० च्या पेंटागॉनच्याच अभ्यासानुसार १७ ते २४ वयाचे ७७ टक्के तरुण विशेष सवलतीशिवाय भरतीस अपात्र आहेत. स्थूलता, अमली पदार्थ, शारीरिक व मानसिक आजार ही प्रमुख कारणे. २०२२ मध्ये भूदलाला ६० हजारांच्या लक्ष्यात १५ हजारांची तूट आली. ट्रुमनना गप्प बसवणाऱ्यांनी काय मिळवले?

अमेरिकेचे हे पुराण महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांनी कशासाठी वाचायचे? ज्या नमुन्याचा हा शेवट आहे, तोच नमुना येथे हप्त्याहप्त्याने उभारला जात आहे, म्हणून. पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तेथील छात्र हा विद्यार्थी असतो. कमिशन मिळेपर्यंत तो अधिकारी नसतो. मुष्टियुद्धात, घोडेस्वारीत किंवा अडथळ्यांवरून उडी मारताना पाठीचा कणा जायबंदी झाला, तर त्याला वैद्यकीय कारणावरून घरी पाठवतात. तो कधी सैनिक झालाच नाही, म्हणून माजी सैनिकही नाही. म्हणून माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजनाही नाही! अपंगत्वाच्या प्रमाणात महिना ४० हजार रुपयांपर्यंत सानुग्रह रक्कम, एवढ्यावर बोळवण. १९८५ पासून निरनिराळ्या लष्करी प्रशिक्षणसंस्थांतून असे सुमारे ५०० छात्र बाहेर पडल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले, ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची आपण होऊन दखल घेतली, आणि मग त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने त्यांना ती आरोग्य योजना लागू केली. चाळीस वर्षे जी तांत्रिक अडचण दुर्लंघ्य होती, ती न्यायालयाची चाहूल लागताच दोन-तीन आठवड्यांत विरघळली. हा प्रश्न पैशाचा नव्हता, हे यावरून स्वच्छ दिसते.

हे अधिकारी होऊ पाहणाऱ्यांचे. शिपाई होऊ पाहणाऱ्यांची दखल कोण घेणार? करोनाच्या साथीत २०२० पासून भूदलाची भरती थांबली. धावून झालेली, वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण झालेली मुले लेखी परीक्षेची वाट पाहत दोन वर्षे बसली. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि जुनी प्रक्रिया रद्द झाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दिलासा नाकारला. सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यापासून कोल्हापूर-सांगलीच्या गावोगावच्या भरती अकादम्यांपर्यंत पहाटे डांबरी सडकेवर धावणारी पोरे कोणी पाहिली नाहीत? पायाला हलके हाडतडे जातात, गुडघे सुजतात, अनवाणी टाचा फुटतात. अकादमीचे शुल्क बापाने जनावर विकून भरलेले. २०२४ मध्ये झारखंडात अबकारी शिपायांच्या भरतीत धावताना अनेक उमेदवार मेले; ती सैन्याची भरती नव्हती, पण मैदान, ऊन आणि बेकारी तीच होती. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत लागू आहे, असे सरकार छाती फुगवून सांगते. ती इस्पितळात दाखल होऊन करावयाच्या ठरावीक उपचारांना लागू आहे. पायाचे हाड तडकलेल्या मुलाला हवा असतो एक्स-रे, बाह्यरुग्ण विभागातला हाडांचा डॉक्टर आणि सहा आठवडे विश्रांती. यांतले काहीही त्या कार्डावर मिळत नाही. सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०१७ च्या आरोग्य धोरणाने ठेवले होते. ते गाठले गेले नाही. तालुक्याच्या ठिकाणी हाडांच्या डॉक्टरचे पद रिकामे राहते आणि विमा कंपन्यांना हप्ता मात्र वेळेवर पोचतो.

पक्षातील काही मित्रांना ही चर्चाच अप्रस्तुत वाटेल. सैन्याच्या दारात उभ्या असलेल्यांची वकिली म्हणजे लष्करवादाला हातभार, असा त्यांचा आक्षेप. आक्षेपामागची शांततेची ओढ आदरणीय आहे, पण तर्क उलटा आहे. ज्याला तालुक्याच्या दवाखान्यात फुकट व चांगले उपचार मिळतात, आईच्या मधुमेहाच्या गोळ्यांसाठी ज्याला सैनिकाचे कार्ड लागत नाही, तोच खऱ्या अर्थाने ‘मी सैन्यात जाणार नाही’ असे म्हणू शकतो आणि जायचे ठरवले तर तेही मोकळ्या मनाने. दुसरे काही मित्र याच्या उलट टोकाला जाऊन म्हणतील की, अग्निवीरांसाठी एक चांगली विमा योजना मागावी आणि मोकळे व्हावे. तीच तर चूक अमेरिकेने ऐंशी वर्षे केली. प्रत्येक गटाला वेगळे कार्ड, प्रत्येक कार्डाला वेगळी तारीख, आणि दोन तारखांच्या फटीत पडलेल्याला बाजार. भोर समितीने १९४६ मध्ये पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व मांडून ठेवले आहे. पक्षाने त्यावरच उभे राहिले पाहिजे. भरतीच्या मैदानावर झालेल्या इजेचा संपूर्ण खर्च भरती करणाऱ्या सरकारने सोसावा, निवड झाल्यापासून रुजू होईपर्यंतचा काळ सेवेच्या जबाबदारीत धरावा, या मागण्या तातडीच्या आहेत आणि त्या केल्याच पाहिजेत. मात्र तालुक्याच्या दवाखान्यातील रिकाम्या पदांच्या मोर्चातच त्या केल्या पाहिजेत. सैनिकी मेळाव्यात निवेदन देऊन त्या सुटणार नाहीत.

वेळही फारसा हाताशी नाही. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी दाखल झाल्या. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. योजनेप्रमाणे चौघांतला फार तर एक कायम होईल. उरलेले तिघे व्याजासह सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन परततील, ज्यातला निम्मा त्यांच्याच पगारातून कापलेला आहे. निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, आरोग्य योजनेचे कार्ड नाही. वय बावीस ते सत्तावीस. सीमेवरच्या थंडीत धरलेली छाती आणि ओझ्याखाली झिजलेले गुडघे घेऊन ही मुले गावी उतरतील, तेव्हा त्यांना कोणीतरी नक्कीच एक स्वस्त विमा दाखवील, आणि त्या अर्जाच्या दुसऱ्याच पानावर विचारलेले असेल की, पूर्वीचा काही आजार आहे काय?